फळीवरचे चित्र आणि आपले हात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच कोणीतरी चार शब्द बोलावेत असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. मागे एकदा मी उन्हाळी वाळवणावर बोलले होते. यंदा चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "लाकडावर कोरून छापलेल्या चित्रांविषयी बोलू का?" त्या क्षणभर माझ्याकडे पाहात राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा लाकडाशी संबंध पोळपाट-लाटण्यापुरता!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी जाऊन विचार करू लागले तेव्हा वाटले, त्या जे बोलल्या त्यातच माझे निम्मे भाषण आहे.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. माझे माहेर पारनेर तालुक्यातले, सासर नगर शहरात. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण आपल्या तोंडी अजून नगरच आहे, तेव्हा मीही नगरच म्हणेन. चित्रकलेतले मला काही कळते असा माझा दावा नाही. आमच्या घरात कॅलेंडर आणि देवादिकांच्या तसबिरी यांपलीकडे चित्र नव्हते. जे काही शिकले ते माझ्या थोरल्या मुलीकडून, आणि तेही एक मोठी चूक करून झाल्यावर. ती चूक आज तुमच्यापुढे सांगणार आहे. घरातली गोष्ट चारचौघींत सांगावी की नाही, हा विचार मी पुष्कळ केला. पण मंडळ हे आपले दुसरे माहेर आहे, आणि माहेरी मन मोकळे करायचे नाही तर कोठे करायचे?

माझी मुलगी बाहेरगावी चित्रकला महाविद्यालयात शिकते. तिला तेथे घालताना घरात फार वाद झाले. ह्यांचे म्हणणे, "पोटाला काय मिळणार?" माझे म्हणणेही त्याहून वेगळे नव्हते. तिच्या आजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी तेवढी तिची बाजू घेतली. सासूबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. कागदावर अंगठाच उठवीत. पण त्या म्हणाल्या, "पोरीचा हात चालतोय, तर चालू दे." म्हाताऱ्या माणसाचा शब्द म्हणून आम्ही मान्य केले. त्यानंतर वर्षभरातच सासूबाई गेल्या.

पुढच्या श्रावणात मुलगी सुटीला आली ती एक फळी घेऊन. हात-दीड हात लांब, आंब्याच्या लाकडाची. तिच्यावर तिने काहीबाही कोरले होते. मी नीट पाहिलेही नाही. काळे फासलेले, खरवडलेले लाकूड, एवढेच मला दिसले. ती परत गेली आणि फळी माजघरात भिंतीला टेकून राहिली. त्या आठवड्यात पावसाची झड लागली होती. बंबफोड सगळी ओली, बंब पेटेना, ह्यांची कामावर जायची वेळ झालेली. हाताशी कोरडे लाकूड ते एकच. कोयत्याने मी तिचे चार तुकडे केले आणि बंबात घातले. चांगले पेटले. पाणी कढत झाले.

मुलीचा फोन आला तेव्हा मी सहज सांगून टाकले. ती बराच वेळ बोललीच नाही. मी म्हटले, "एक फळीच ना, दुसरी आण." ती एवढेच म्हणाली, "आई, त्याच्यावर आजी होती."

सूप घेऊन तांदूळ निवडीत बसलेले तिच्या आजीचे हात तिने त्या फळीवर कोरले होते. दोन महिने खपून. त्याचा एकच कागद तिने छापून पाहिला होता, बाकीचे दिवाळीत छापणार होती. फळी गेली म्हणजे ते चित्र पुन्हा छापता येणार नाही, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हते. पुढे कितीतरी दिवस ती फोनवर "जेवलीस का, बरी आहेस का" यापलीकडे बोलली नाही. मला राग यायचा, आणि रागाच्या खाली लाज वाटायची.

आता भगिनींनो, हे ठशाचे चित्र म्हणजे काय ते आधी सांगते. कॉलेजातली मुले त्याला वुडकट म्हणतात. नाव परके, पण वस्तू आपल्याला परकी नाही. गौरी आणताना आपण तांदळाच्या पिठात मूठ बुडवून लक्ष्मीची पावले उमटवितो, तो ठसाच. वास्तुशांतीला भिंतीवर हळदी-कुंकवाचे पंजे उठवितो, तोही ठसाच. वारकरी कपाळावर, दंडावर गोपीचंदनाच्या मुद्रा लावतात, पेढ्यावर साच्याची नक्षी उठते, सासूबाईंचा अंगठा कागदावर उमटे. सगळीकडे तत्त्व एकच. उंच राहिलेल्या भागाला रंग लागतो, खोल गेलेला भाग कोरा राहतो.

फळीवर चित्र करायचे म्हणजे जे पांढरे हवे ते पटाशीने काढून टाकायचे. जे काळे हवे ते राखायचे. पेन्सिलीने आपण रेघ ओढतो तेव्हा काहीतरी घालतो. येथे सगळे काढायचेच असते, आणि काढलेले परत बसत नाही. रेघ चुकली म्हणून खोडरबर चालत नाही. शिवाय सगळे उलटे कोरावे लागते. उजवा हात फळीवर डावीकडे येतो, अक्षरे आरशातल्यासारखी. छापल्यावर ती सुलट होतात. आपल्या नगरातच १८४२ साली 'ज्ञानोदय' हे पत्र सुरू झाले. त्या काळच्या छापखान्यात खिळे जुळविणारा माणूसही अशीच उलटी अक्षरे दिवसभर वाचीत असे.

ही विद्या फार जुनी आहे. चीनमध्ये लाकडी ठशांनी छापलेली बौद्धांची एक पोथी, वज्रसूत्र नावाची, इसवी सन ८६८ ची आहे. ती आज लंडनच्या ग्रंथालयात ठेवलेली आहे. पहिल्याच पानावर बुद्धाचे चित्र आहे, तेही लाकडावर कोरलेले. जपानात तर चित्र काढणारा एक, लाकूड कोरणारा दुसरा आणि छापणारा तिसरा, अशी कामाची वाटणी असे. तिकडचे समुद्राच्या प्रचंड लाटेचे चित्र तुम्ही कोठे ना कोठे पाहिले असेल. ते होकुसाई नावाच्या चित्रकाराचे, सुमारे १८३१ सालचे. ते लोक चेरीच्या लाकडावर कोरीत. आपल्याकडे नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडीयात्रेचे चित्र केले. काळ्या जमिनीवर काठी टेकीत निघालेले पांढऱ्या रेघांतले गांधीजी. ते लाकडाऐवजी लिनोलियमवर, म्हणजे जमिनीवर अंथरतात त्या जाड मऊ पत्र्यावर कोरलेले आहे. पण रीत हीच.

तर त्या दिवाळीत मुलगी दुसरी फळी घेऊन आली. या खेपेला जात्यावर बसलेली आजी. तोंड दिसत नाही. पाठमोरी, खांदा पुढे झुकलेला, खुंटा धरलेला हात. मी म्हटले, "अगं, आजीचे तोंड का नाही काढलेस? किती देखणी होती!" ती म्हणाली, "मी लहानपणी उठायचे तेव्हा मला आजीची पाठच दिसायची." यावर मला काही बोलता आले नाही, कारण नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा पहाटे मलाही ती पाठच दिसत असे. त्या जुन्या वळणाच्या. गिरणी कोपऱ्यावर असूनही डाळी आणि भाजणी घरच्या जात्यावर काढीत.

पण माझा स्वभाव म्हणजे तापलेला तवा. सारवून-झाडून घेतलेल्या पडवीत लाकडाच्या ढलप्या पसरलेल्या, फराळाची गडबड, पाहुणे येणार, आणि ही आपली ठकठक करीत बसलेली. मी बोलले. नको ते बोलले. "मुलीच्या जातीला हे सुतारकाम कशाला? हात बघ कसे झालेत. उद्या बघायला येणारे काय म्हणतील?" तिने उत्तर दिले नाही. पटाशी मात्र अशी जोराने चालू लागली की मला आतल्या खोलीत ऐकू येत होते. आणि थोड्याच वेळात ती हात धरून उठली. या कामात पहिला नियम असा की, दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवायचा, पुढे कधीही नाही. रागाच्या भरात ती तो नियम विसरली. डाव्या हाताचे बोट चांगलेच कापले गेले.

पट्टी बांधली. रक्त थांबले. पण सुटी संपल्याबरोबर काम दाखवायचे होते आणि एका हाताने फळी धरवेना. मी म्हटले, "मी धरते." तिने माझ्याकडे पाहिले. बंबातल्या फळीपासून आमच्यात जे साचले होते ते त्या पाहण्यात सगळे होते. मग ती म्हणाली, "घट्ट धर आणि हात माझ्या मागे ठेव."

तीन दिवस मी फळी धरून बसले, आणि तेव्हा मला हे काम कळले. मैत्रिणींनो, ते नुसते डोळ्यांनी कळत नाही. लाकडाला शिरा असतात. शिरेच्या दिशेने पटाशी ढकलली तर लोण्यातून सुरी जावी तशी जाते. आडवी नेली तर लाकूड अडते, कुरकुरते आणि कडेला दशा निघतात. गाठ आली की पाते घसरते. ते घसरणे फळी धरणाऱ्या माझ्या तळहातांना आधी कळे, तिला नंतर. बारीक रेघेला टोकदार पात्याची पटाशी, रुंद भाग काढायला गोल पात्याची. धार गेली की तेल घालून दगडावर लावायची. बोथट पाते फार वाईट, कारण त्याला जोर जास्त लावावा लागतो आणि मग ते सुटते. आपल्या विळीचेही तसेच नाही का? बोट कापते ते बोथट विळीने.

आणि जोर कोठून येतो? मला वाटले होते बोटांतून. तो येतो खांद्यातून, पाठीतून, बसण्याच्या ढबेतून. जात्याचा खुंटा ओढताना येतो तसाच. माझी मुलगी आजीची पाठ कोरीत होती, आणि कोरताना तिची स्वतःची पाठ तशीच वाकलेली होती. मी समोर बसून दोन्ही पाठी पाहात होते.

मग छपाई. कॉलेजात त्यासाठी दाबाचे यंत्र असते, आमच्याकडे कोठले? तिने काचेच्या तुकड्यावर काळी शाई घेतली. घट्ट, काकवीसारखी. तिच्यावर रबरी रूळ फिरवायचा. शाई सारखी पसरली की रुळाचा आवाज बदलतो, चिकट, बारीक चरचर येते. फोडणी झाली हे आपण आवाजावरून ओळखतो तसे ते ओळखायचे. मग रूळ फळीवर फिरवायचा, वर पातळ पण चिवट हातकागद अलगद ठेवायचा, आणि चमच्याच्या पाठीने घासायचे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सारखा दाब ठेवून.

तिचा एक हात जायबंदी, तिला ते साधेना. पहिला कागद डागाडागांचा निघाला. दुसरा सरकला. मी म्हटले, "दे इकडे." आमच्या स्टीलच्या जुन्या डावाची पाठ कागदावर ठेवली आणि फिरवू लागले. काय सांगू तुम्हाला! पुरणपोळी लाटताना पुरण कोठे जाड आहे, कोठे पातळ आहे, कडेपर्यंत गेले की नाही, हे लाटणे आपल्याला सांगते. तसेच तो डाव मला कागदाखालचे सगळे सांगू लागला. येथे लाकूड उंच आहे, येथे खड्डा आहे, येथे शाई अजून धरली नाही. ही पाठ, हा खांदा, हा खुंटा. डोळ्यांना कोरा कागद दिसत होता आणि हाताला सासूबाई लागत होत्या.

मुलीने कागदाचे एक टोक उचलून पाहिले आणि म्हणाली, "आई, थांब. झाले." कागद सोलून काढला. काळ्याभोर जमिनीवर पाठ उजळून आली होती. मी रडले हे कबूल करते. तीही रडली. बंबातल्या फळीबद्दल मी तोवर तिची क्षमा मागितली नव्हती. तेव्हा मागितली. ती म्हणाली, "त्या चित्रापेक्षा हे बरे आलेय." मनाचा मोठेपणा म्हणून म्हणाली असेल. ते पहिले चित्र मी नीट पाहिलेच नव्हते, तेव्हा खरे-खोटे मला कधीच कळणार नाही, आणि ती टोचणी राहणारच.

पण एक गोष्ट तिने त्या कागदावर मला दाखविली. जात्याच्या मागे जी भिंत आहे तिच्या वरच्या कोपऱ्यातले काप खोल, आडवेतिडवे, एकमेकांवर चढलेले आहेत. बाकी भिंत शांत आहे. ती म्हणाली, "हा आपल्या भांडणाचा दिवस." मी म्हटले, "मग ते घासून टाक की." ती म्हणाली, "घासून जात नाही, आणि गेले तरी मी घालविणार नाही. आजी जात्यावर बसायची तेव्हा घरात काय नुसती शांतताच असायची का?"

एवढ्यासाठीच मी आज हा विषय घेतला. हाताचा राग, हाताची माया, हाताचा थकवा लाकडात जसाच्या तसा राहतो आणि तेथून कागदावर येतो. तोंडाने आपण लपवितो. "बरे आहे, काही नाही" असे म्हणतो. लाकूड ते लपवू देत नाही.

मुलीजवळ एक पुस्तक आहे. त्यात जर्मनीतल्या केटे कोलविट्झ नावाच्या बाईंची चित्रे आहेत. त्यांचा जन्म १८६७ चा. नवरा डॉक्टर, बर्लिनच्या कामगार वस्तीत गोरगरिबांना औषध देणारा. दोन मुलगे. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा धाकटा पीटर अठरा वर्षांचा होता. त्या वयाला सैन्यात जायचे तर बापाची परवानगी लागे. बाप नाही म्हणत होता. आईने मुलाची बाजू घेऊन बापाचे मन वळविले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पीटर बेल्जियममध्ये मारला गेला.

आपले नगर लष्कराचे गाव. पाहुणे आले की आपण त्यांना रणगाड्यांचे संग्रहालय दाखवायला नेतो. आपल्या जिल्ह्यात सैन्यात मुलगा नाही असे गाव सापडणे कठीण, आणि या सभेतही अशा माता बसल्या आहेत. त्यांना मी काय सांगावे? त्या बाईंच्या मनाचे काय झाले असेल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

कोलविट्झबाई आधीपासून नावाजलेल्या चित्रकार होत्या. तांब्याच्या पत्र्यावर आणि दगडावर बारीक, नाजूक काम करीत. पण मुलाचे दुःख त्यांना त्या रीतीने सांगता येईना. वर्षांमागून वर्षे गेली. १९२० साली त्यांनी बार्लाख नावाच्या कलावंताची लाकडी ठशांची चित्रे पाहिली आणि स्वतः पटाशी हाती घेतली. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पुढच्या दोन वर्षांत युद्धावर सात चित्रे झाली. त्यात बंदुका नाहीत, रणगाडे नाहीत. एकात आई-बाप गुडघे टेकून एकमेकांत असे मिसळले आहेत की दोघांचा मिळून एकच काळा डोंगर झाला आहे. एकात बायका कडे करून उभ्या आहेत. हात एकमेकींच्या पाठीवर, मुले मध्ये लपविलेली. ते चित्र पाहताना मला शब्द लागला नाही. आपल्या अंगणात पिसाळलेले कुत्रे शिरले तर आपणही तशाच उभ्या राहू. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, त्यांचा नातूही गेला. त्याचेही नाव पीटरच होते.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. चित्तप्रसाद हे बंगालचे चित्रकार. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते गावोगाव पायी फिरले आणि उपाशी माणसांची चित्रे काढली. त्यांचे पुस्तक इंग्रज सरकारने जप्त करून जाळले. १९४६ साली ते मुंबईस आले आणि पुढे अंधेरीला कितीतरी वर्षे राहिले. तेथे त्यांनी बूट पुसणारी, ओझी वाहणारी, राबणारी मुले लिनोलियमवर कोरली. त्यांचे डोळे असे की आपण नजर चुकवितो. अशा चित्राचा आणखी एक गुण आहे. ते एकट्या श्रीमंताच्या भिंतीवर जात नाही. एका ठशातून पुष्कळ कागद निघतात, म्हणून गरिबालाही ते घेता येते.

तर आता शेवटची गोष्ट. संक्रांतीच्या सुमारास मुलीला एक स्थळ सांगून आले. घर चांगले, मुलगा नोकरीचा. त्यांची अट एवढीच की, लग्न वैशाखात करू आणि मुलीने शिक्षण सोडावे. बैठकीत मुलाच्या आईने माझ्या मुलीचा हात हातात घेऊन पाहिला. तळव्याला घट्टे, बोटावर व्रण. त्या म्हणाल्या, "काम फार पडते वाटते तुमच्याकडे." त्यांना वाईट बोलायचे नव्हते. पण मला ती फळी आठवली. मी म्हटले, "बाई, हा चित्र कोरण्याचा हात आहे. तिचे आणखी दीड वर्ष राहिले आहे. तेवढे पुरे होऊ द्या, मग आम्ही विचार करू."

बैठकीत बायकोने असे बोलणे ह्यांना आवडले नाही. दोन दिवस अबोला झाला. स्थळ गेले. भावकीत बोलणी झाली, अजून होतात. तिसऱ्या दिवशी ह्यांनी ते चित्र पडवीतून आणून माजघरात, सासूबाईंच्या फोटोशेजारी खिळा मारून लावले. तोंडाने काही म्हणाले नाहीत. पोटाला काय मिळणार, हा त्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. तो खोटा नाही आणि मुलीला तो सोडवावाच लागेल. पण ज्या घरात सासूबाई सही येत नाही म्हणून अंगठा उठवीत, त्या घरातली मुलगी आता आपल्या छापचित्राखाली पेन्सिलीने "तीन भागिले दहा" असा आकडा घालून सही करते. दहांतला तिसरा कागद, असा त्याचा अर्थ. पहिला कागद तिने मला दिला.

मैत्रिणींनो, मंडळाला माझी एक विनंती आहे. उन्हाळी सुटीत आपण मुलांचे वर्ग घेतो, त्यात दोन दिवस ठशांना द्यावेत. लहानांना बटाटा आणि भेंडी कापून द्यावी. मोठ्यांना मऊ लाकूड आणि चांगली धार लावलेली पटाशी द्यावी, आणि दुसरा हात पात्याच्या मागे, हा नियम पहिल्या दिवशी सांगावा. मुलीने येऊन शिकवायचे कबूल केले आहे. आणि आपणही बसावे. थोरल्या बायकांनी जरूर बसावे. ज्यांनी जाती ओढली, भाकऱ्या थापल्या, पाट्यावर वाटण वाटले, त्यांच्या हातात जोर आणि अंदाज दोन्ही आहेत. आपले काम रोज रात्री संपते. पोळी खाल्ली जाते, सारवण उडून जाते, आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून. त्यातले थोडेसे लाकडावर राहिले तर काय हरकत आहे?

ते चित्र आणि ती फळी, दोन्ही मी आज बरोबर आणली आहेत. दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. चित्राला कृपा करून हात लावू नका, पण फळीवरून अवश्य हात फिरवा. वरच्या कोपऱ्यात आमचे भांडण लागेल.

आणखी एक सांगते. घरात कोरडे लाकूड दिसले तर बंबात घालण्यापूर्वी उलटून पाहात जा.